दोन देशांतले पगार आणि सेवाशर्ती यांची तुलना: क्रम कोणता, आणि चुकतं कुठे

दोन देशांतल्या पगारांची तुलना करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी विनिमय दराकडे जातो. तिकडचा पगार गुणिले आजचा दर, आला आकडा, इकडच्या तिप्पट, विषय संपला. घोळ इथेच होतो. चलन बदलणं ही या कामातली बरीच शेवटची पायरी आहे. त्याआधी दोन्ही आकडे एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हे बघावं लागतं. बहुतेक वेळा ते तसे नसतात. एक वर्षाचा असतो, दुसरा महिन्याचा. एकातून कर कापलेला असतो, दुसऱ्यात मालकाने भरायचा पेन्शनचा वाटाही मिसळलेला असतो. अशा आकड्यांचं चलन बदललं की चूक फक्त दुसऱ्या चलनात जाते.

हाती दोन नोकऱ्यांचे प्रस्ताव असोत किंवा दोन देशांतल्या एखाद्या व्यवसायावर टिपण लिहायचं असो, क्रम हाच. टप्पे वरखाली करू नका.

## तयारी: हाताशी काय हवं

एक कोरा तक्ता घ्या. दोन देशांचे दोन रकाने, आणि तिसरा रकाना "आकडा कुठून आणि कोणत्या वर्षाचा" यासाठी. हा तिसरा रकाना लोक गाळतात आणि पंधरा दिवसांनी स्वतःचाच तक्ता त्यांना कळेनासा होतो.

नोकरीचा प्रस्ताव असेल तर पूर्ण नेमणूकपत्र आणि करार हवा, फोनवर सांगितलेला आकडा नको. त्याच जागेवर काम करणाऱ्या कुणाची अलीकडची पगाराची स्लिप नावगाव झाकून बघायला मिळाली, तर ती दहा लेखांपेक्षा उपयोगी पडते. देशपातळीवरची तुलना असेल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आयएलओस्टॅट हा आकडेसाठा, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचे वेतन आणि कर यांवरचे तक्ते, युरोपसाठी युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट, आणि त्या त्या देशाच्या सांख्यिकी खात्याचं वेतन सर्वेक्षण, एवढं पुरतं. नोकरीच्या संकेतस्थळांवर लोकांनी स्वतः भरलेले पगार अंदाजापुरते बघा, तक्त्यात घेऊ नका.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

"कुठे पगार जास्त आहे?" हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांना तीन वेगळे आकडे लागतात.

पहिला कामगाराचा: तिथे राहून, तिथेच खर्च करून माझं राहणीमान कसं असेल? याला हातात पडणारा पगार आणि तिथल्या किमती लागतात.

दुसराही कामगाराचाच, पण बाहेर पैसे पाठवणाऱ्याचा: खर्च वजा जाता किती शिल्लक पडेल आणि ती माझ्या चलनात किती होईल? इथे बाजारातला विनिमय दर खरोखर लागतो, पण फक्त शिल्लक रकमेला.

तिसरा मालकाचा किंवा धोरण लिहिणाऱ्याचा: एक माणूस कामावर ठेवायला एकूण खर्च किती? यात मालकाचे सामाजिक सुरक्षेचे हप्तेही धरावे लागतात.

यातला कोणता प्रश्न तुमचा, ते तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा. कारखाना कुठे काढावा या चर्चेतला आकडा उचलून "तिथले कामगार सुखात आहेत" असं म्हणणं, ही वर्तमानपत्री लेखांतली नेहमीची गफलत आहे.

## टप्पा २: कोणाची कोणाशी तुलना, ते नक्की करा

पदाच्या नावावर जाऊ नका, कामावर जा. व्यवसायांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, आयएससीओ-०८ नावाचं. त्यात परिचारिकांसाठी दोन वेगळे संकेतांक आहेत: २२२१ म्हणजे व्यावसायिक पातळीवरच्या परिचारिका आणि ३२२१ म्हणजे सहायक पातळीवरच्या. बोलीत दोघींनाही "नर्स"च म्हणतात. एका देशाच्या आकड्यात फक्त पहिल्या आणि दुसऱ्याच्या आकड्यात दोन्ही मिळून असतील, तर दुसऱ्या देशात नर्सना कमी पगार आहे असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल. इंजिनिअर, टेक्निशियन, सुपरवायझर या पदांचंही तसंच.

मग बघा, आकडा कोणाला मोजतो. युरोस्टॅटचं दर चार वर्षांनी होणारं कमाईचं सर्वेक्षण मुळात दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांचं आहे. छोट्या दुकानातला, गॅरेजमधला माणूस त्यात येतोच असं नाही. ब्रिटनचं वार्षिक वेतन सर्वेक्षण कर खात्याच्या पगारनोंदीतून काढलेल्या नमुन्यावर चालतं, त्यामुळे स्वतःचा धंदा करणारे बाहेर राहतात. आणि जगातल्या काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक, म्हणजे सुमारे २०० कोटी, असंघटित कामात आहेत असा श्रम संघटनेचा २०१८ चा अंदाज होता. असंघटित काम मोठ्या प्रमाणावर असलेल्या देशाचा "सरासरी पगार" हा बऱ्याचदा संघटित क्षेत्रातल्या थोड्यांचाच पगार असतो.

तिसरी गोष्ट सरासरी आणि मध्यक यांची. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधल्या माणसाचा जो पगार येतो, तो मध्यक. वरच्या मोजक्या लोकांचे पगार प्रचंड असतील तर सरासरी फुगते, मध्यक जागेवर राहतो. ओईसीडीचं "सरासरी वार्षिक वेतन" देशाच्या एकूण वेतनखर्चाला कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागून, मग पूर्णवेळेच्या हिशेबात आणून काढलेलं असतं, म्हणजे ती सरासरी आहे. तिच्याशेजारी दुसऱ्या देशाचा मध्यक ठेवू नका.

तपासा: दोन्ही रकान्यांत संकेतांक, वर्ष, पूर्णवेळ की सगळे, आणि सरासरी की मध्यक, या चारही गोष्टी सारख्या आहेत का? एक जरी वेगळी असेल तर इथेच थांबा आणि दुसरा आकडा शोधा. पुढच्या कोणत्याही टप्प्यात ही चूक दुरुस्त होत नाही.

## टप्पा ३: पगाराचा आकडा उलगडा

आता आकड्याच्या पोटात काय आहे ते बघायचं. काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

वर्षात किती पगार? सगळीकडे बारा नसतात. स्पेनमध्ये वर्षाला १४ पगार देण्याची पद्धत आहे. तिथलं किमान वेतन २०२५ साली महिना १,१८४ युरो असं जाहीर झालं, ते १४ हप्त्यांच्या हिशेबाने. बारावर बसवलं तर तेच महिना साधारण १,३८१ युरो होतं. ऑस्ट्रियात सामूहिक करारांमुळे, म्हणजे कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या करारांमुळे, बहुतेकांना तेरावा आणि चौदावा पगार मिळतो, आणि त्यावरचा करही वेगळा, सौम्य असतो. फिलिपिन्समध्ये तेरावा पगार कायद्यानेच आहे. नेदरलँड्समध्ये वर्षाच्या ठोक, म्हणजे कपातीआधीच्या, पगाराच्या किमान ८ टक्के सुट्टीभत्ता वेगळा मिळतो, बहुधा मे महिन्यात. एका ओळखीच्या व्यक्तीसाठी मी असाच तक्ता करून दिला होता आणि स्पेनचा महिन्याचा आकडा बिनदिक्कत बाराने गुणला होता. चौदापैकी दोन पगार गळाले, म्हणजे वर्षाचे १४ टक्के. तिने नेमणूकपत्र पुन्हा वाचलं म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून महिन्याचा आकडा मी तक्त्यात घेतच नाही, आधी वर्षाचा करतो.

ठोक आकड्यात मालकाचा वाटा मिसळलाय का? भारतातल्या "सीटीसी"त, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात, प्रॉव्हिडंट फंडाचा मालकाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. युरोपातल्या बहुतेक देशांत जाहिरातीतला ठोक पगार मालकाचे हप्ते वगळून सांगतात. ऑस्ट्रेलियात सुपरॲन्युएशन, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तीनिधी, जुलै २०२५ पासून १२ टक्के आहे, आणि जाहिरातीत तो कधी "धरून" तर कधी "वेगळा" लिहिलेला असतो. त्या एका शब्दावर मोठी रक्कम अवलंबून असते.

मूळ पगार किती, भत्ते किती? आखाती देशांत एकूण आकडा चांगला दिसतो, पण त्यात मूळ पगार लहान आणि घरभाडं, प्रवास यांचे भत्ते मोठे असू शकतात. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. एकूण पगार सारखाच, पण मूळ पगार निम्मा असेल तर ही रक्कमही निम्मी.

ओव्हरटाइम आधीच गिळलाय का? जपानमधल्या अनेक जाहिरातींत ठरावीक तासांचा ओव्हरटाइम पगारातच धरलेला असतो. तेवढ्या तासांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत आठवड्याला ४० तासांच्या पुढे दीडपट दर हा संघराज्याचा नियम आहे, पण पगारदार कर्मचाऱ्यांचा मोठा वर्ग त्यातून वगळलेला आहे. तुमचं पद कोणत्या बाजूला येतं, ते करारात बघा.

किमान वेतनाची तुलना करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, इटली, ऑस्ट्रिया या देशांत कायद्याने ठरवलेलं सरसकट किमान वेतनच नाही, तिथे दर सामूहिक करारांतून ठरतात. तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य लिहिलेलं मी पाहिलंय! रकाना रिकामा ठेवा आणि त्या क्षेत्रातल्या कराराचा दर शोधा. उलट अमेरिकेचा संघराज्याचा ताशी ७.२५ डॉलरचा दर २००९ पासून तसाच आहे, पण बऱ्याच राज्यांचे स्वतःचे दर त्याहून वर आहेत. आणि टिप मिळणाऱ्या कामांत मालकाने रोख द्यायचा संघराज्याचा किमान दर २.१३ डॉलर इतकाच आहे.

## टप्पा ४: वर्षाचे खरे तास मोजा

पगार वर्षाचा झाला, आता भागाकारासाठी तास लागतात. "आठवड्याला ४० तास" या वाक्यावरून वर्षाचे २,०८० तास काढू नका. सूत्र असं आहे: कामाचे एकूण दिवस, वजा भरपगारी रजा, वजा सार्वजनिक सुट्ट्या, गुणिले दिवसाचे प्रत्यक्ष तास.

रजेचे आकडे फसवे असतात. जर्मनीचा कायदा किमान २४ दिवस रजा सांगतो, पण तो सहा दिवसांचा आठवडा धरून. पाच दिवस काम करणाऱ्याला त्याचे २० दिवस होतात. ब्रिटनमध्ये कायदा ५.६ आठवडे देतो, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात २८ दिवस. वाचताना वाटतं की ब्रिटन आठ दिवसांनी पुढे आहे. पण ब्रिटनमधल्या २८ मध्ये सार्वजनिक सुट्ट्या धरायला मालकाला मुभा आहे, जर्मनीत त्या २० दिवसांच्या वर वेगळ्या मिळतात. म्हणून रजा आणि सुट्ट्या कायम एकत्र बेरीज करूनच तक्त्यात लिहा. युरोपीय संघाचा किमान नियम चार आठवडे भरपगारी रजेचा आहे. अमेरिकेत खासगी क्षेत्रासाठी संघराज्याच्या कायद्याने एकही दिवस बंधनकारक नाही, करारात असेल तेवढंच. जपानमध्ये सहा महिन्यांच्या नोकरीनंतर १० दिवसांपासून सुरुवात होते.

करारातले तास आणि प्रत्यक्षातले तास वेगळे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण तक्त्यात लिहीत कुणी नाही. त्या जागेवर काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारा: मागच्या आठवड्यात सोमवारी आणि शुक्रवारी किती वाजता निघालात? "साधारण किती तास काम असतं?" असं विचारलं तर लोक करारातलाच आकडा सांगतात.

सावधान: देशपातळीवरचे "दरवर्षी दर कामगारामागे कामाचे तास" थेट शेजारी ठेवू नका. हे आकडे काळानुसार कल बघण्यासाठी आहेत, देशादेशांच्या पातळ्या ताडून बघण्यासाठी नाहीत, असं ओईसीडी स्वतःच सांगते, कारण प्रत्येक देशाची मोजणी वेगळी. शिवाय नेदरलँड्ससारख्या देशात अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत. तिथले सरासरी तास कमी दिसतात म्हणून पूर्णवेळ माणूस लवकर घरी जातो असं होत नाही.

## टप्पा ५: कपाती काढा, आणि त्या बदल्यात काय मिळतं तेही लिहा

कर आणि हप्ते वजा करून हातात पडणारा पगार काढणं सोपं आहे, बहुतेक देशांची गणकयंत्रं त्यासाठी उपलब्ध आहेत. गणकात कुटुंबाची स्थिती बरोबर भरा. जर्मनी आणि फ्रान्समध्ये विवाहित जोडप्याचा आणि एकट्याचा कर बराच वेगळा येतो. ओईसीडीचे तक्तेही म्हणूनच "एकटा, मूल नसलेला" आणि "जोडपं, दोन मुलं" असे वेगवेगळे दिलेले असतात. एकट्या सरासरी कामगाराच्या बाबतीत बेल्जियममध्ये कर आणि दोन्ही बाजूंचे हप्ते मिळून मालकाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त होतात. तेवढंच वाचून "तिथे अर्धा पगार लुटतात" असं लिहिणारे खूप भेटतात.

प्रश्न असा की त्या कपातीतून काय विकत घेतलं गेलं? जर्मनीत आरोग्यविम्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणजे हातात पडलेल्या पैशातून मूलभूत विम्यासाठी पुन्हा काही द्यायचं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये आरोग्यविमा सक्तीचा आहे, पण तो ज्याचा त्याने विमा कंपनीकडून घ्यायचा आणि हातातल्या पगारातून भरायचा. नेदरलँड्समध्येही मूलभूत विम्याचा हप्ता माणूस स्वतः भरतो. अमेरिकेत मालकाच्या योजनेतला आपला वाटा आणि उपचाराच्या वेळी खिशातून द्यायची रक्कम, दोन्ही धरावं लागतं. त्यामुळे "हातात पडणारा पगार" हे नाव सगळीकडे एकच असलं तरी वस्तू वेगळी असते.

मी एक साधा नियम पाळतो. आरोग्य, निवृत्ती, बालसंगोपन आणि शिक्षण या चार गोष्टींपुढे दोन्ही देशांत "पगारातून कापलं जातं", "करातून मिळतं" किंवा "स्वतः भरायचं" यातलं एक लिहितो. जिथे "स्वतः भरायचं" येतं, तिथे ती रक्कम हातातल्या पगारातून वजा करतो. ही चार चौकटी भरण्याची अर्ध्या तासाची मेहनत घेतली की निम्मे वाद आपोआप मिटतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद: तिथे भरलेले पेन्शनचे हप्ते देश सोडल्यावर मिळतात की बुडतात? दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर नोकरीचा कालावधी जोडून धरला जाऊ शकतो किंवा दुहेरी हप्ते टळू शकतात. करार नसेल तर ती कपात तुमच्यापुरती निव्वळ खर्च ठरू शकते. आणि नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटाने तुमच्याकडून फी मागितली असेल तर तीही वजा करा. श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार (कन्व्हेन्शन), काही अपवाद सोडता, कामगाराकडून अशी फी घेऊ नये असंच सांगतो.

## टप्पा ६: आता चलन

इथपर्यंत आलात तरच विनिमय दर उघडा. टप्पा १ मधल्या प्रश्नावरून दर निवडायचा.

पैसे बाहेर पाठवायचे असतील किंवा मालकाचा खर्च मोजायचा असेल तर बाजारातला दर घ्या, पण एका दिवसाचा घेऊ नका, वर्षाची सरासरी घ्या. जपानी येनचं बघा: २०२१ मध्ये डॉलरला सरासरी सुमारे ११० येन मिळत होते, २०२४ मध्ये सुमारे १५१. येनमधला पगार तसाच राहिला असेल तर डॉलरमध्ये तो चौथ्या हिश्शाहून जास्त घटला. टोकियोतल्या माणसाच्या जेवणाचं ताट तेवढं लहान झालं असा याचा अर्थ मुळीच होत नाही.

राहणीमान मोजायचं असेल तर क्रयशक्ती समतेचा दर घ्या, ज्याला पीपीपी म्हणतात. सारख्याच वस्तू आणि सेवांच्या टोपलीला दोन्हीकडे किती पैसे पडतात, यावरून तो काढतात. जागतिक बँकेच्या नेतृत्वाखाली होणाऱ्या किंमत-तुलना कार्यक्रमाची २०२१ ची फेरी १७६ अर्थव्यवस्थांची आहे आणि तिचे निकाल मे २०२४ मध्ये आले. तिथे दोन दर दिसतील: एक संपूर्ण जीडीपीसाठी, दुसरा घरगुती उपभोगासाठी. पगाराला दुसरा लावा. पहिल्यात यंत्रसामग्री आणि सरकारी खर्चही असतो, तो पगारातून कुणी विकत घेत नाही.

पीपीपी ही देशाची सरासरी असते. महागड्या राजधानीत घर भाड्याने घेणाऱ्याला ती फार आशावादी वाटेल. नोकरीचा प्रस्ताव तपासताना भाडं वेगळं काढा, प्रत्यक्ष शहराचं लिहा, आणि उरलेल्या खर्चालाच देशाचा दर लावा.

सावधान: पीपीपीने बदललेली रक्कम बँकेत पाठवता येत नाही. "पीपीपीनुसार इतके डॉलर मिळतात, मग घरी तेवढे पाठवता येतील" हा हिशेब चूक आहे.

### एक उदाहरण पूर्ण सोडवून

आकडे कल्पित आहेत आणि चलन दोन्हीकडे एकच धरलंय, म्हणजे गणित उघडं राहील.

क देशात वर्षाचा ठोक पगार ६०,०००. करारात आठ तास, प्रत्यक्षात नऊ. रजा आणि सुट्ट्या मिळून २० दिवस. ख देशात ठोक पगार ४२,०००, दिवसाला ७.६ तास, रजा आणि सुट्ट्या मिळून ३५ दिवस.

वर्षाच्या पगारावरून क हा ख पेक्षा ४३ टक्क्यांनी पुढे.

तास काढू. पाच दिवसांच्या आठवड्याचे २६० दिवस धरले तर क मध्ये २४० दिवस गुणिले ९, म्हणजे २,१६० तास. ख मध्ये २२५ गुणिले ७.६, म्हणजे १,७१० तास. ताशी ठोक पगार क मध्ये २७.७८, ख मध्ये २४.५६. फरक १३ टक्क्यांवर आला.

कपाती. क मध्ये कर १८ टक्के, हातात ४९,२००. पण आरोग्यविमा स्वतः भरायचा, ४,८००, आणि निवृत्तीसाठीही स्वतःच बाजूला काढायचे, ३,६००. उरले ४०,८००. ख मध्ये कर आणि हप्ते मिळून ३३ टक्के, पण त्यात आरोग्य आणि निवृत्ती दोन्ही आलं. हातात २८,१४०. ताशी १८.८९ आणि १६.४६.

किमती. क मध्ये त्याच टोपलीला २० टक्के जास्त पडतात. १८.८९ भागिले १.२ केलं की १५.७४. आता तासामागे ख पुढे गेला.

"म्हणजे ख चांगला" असं म्हणून तक्ता मिटू नका. वर्षाच्या एकूण खरेदीच्या ताकदीत क अजूनही पुढे आहे: ४०,८०० भागिले १.२ म्हणजे ३४,०००, समोर २८,१४०. आणि शिल्लक टाकायची असेल तर? राहायचा खर्च ख मध्ये २१,००० आणि क मध्ये त्याच्या २० टक्के वर, २५,२०० धरू. शिल्लक क मध्ये १५,६००, ख मध्ये ७,१४०. क मध्ये दुपटीहून जास्त उरतात. त्या जादा ८,४६० साठी वर्षाला ४५० तास जास्त काम करावं लागतं, म्हणजे जादा तासाला १८.८०. लहान मूल असलेल्याला हा सौदा नको वाटेल, पाच वर्षं राबून परत यायचं असलेल्याला हवाहवासा. तक्ता एकच, पण उत्तर टप्पा १ मध्ये लिहिलेल्या प्रश्नावरून ठरलं.

## टप्पा ७: सेवाशर्ती वेगळ्या ठेवा, गुण देऊ नका

रजा, सुरक्षितता, नोकरीची हमी या सगळ्यांना दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो. करू नका. त्या बेरजेत नोकरीवरून काढण्याची सोय आणि कँटीनची सोय एकाच मापाने मोजली जाते. प्रत्येक बाबीपुढे दोन ओळी लिहा: कायदा काय म्हणतो, आणि प्रत्यक्षात काय होतं.

आजारपणापासून सुरुवात करा, कारण तिथे पैशाचा थेट संबंध आहे. जर्मनीत मालक सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देतो, नंतर आरोग्यविमा निधीतून भत्ता मिळतो. अमेरिकेत संघराज्याचा कायदा पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची रजा देतो, पण ती बिनपगारी. कंपनीचं धोरण यापेक्षा चांगलं असू शकतं, म्हणून करार वाचावाच लागतो.

अपघातांच्या आकड्यांत मोठा सापळा आहे. युरोस्टॅट तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तर अपघात मोजतं. ब्रिटनमध्ये मालकाने कळवण्याची मर्यादा सात दिवसांपेक्षा जास्त अशी आहे. अमेरिकेत प्रथमोपचारापलीकडे उपचार लागले तरी नोंद होते. त्यात भर म्हणजे जिथे कळवण्याची शिस्त चांगली तिथे अपघात जास्त दिसतात, आणि जिथे कळवलं की नोकरी जाते तिथे आकडे छान स्वच्छ असतात. म्हणून प्राणघातक अपघातांचा दर घ्या, मृत्यू लपवणं त्यामानाने कठीण असतं. तोही त्याच उद्योगातला घ्या. बांधकाम जास्त असलेल्या देशाची तुलना बँका जास्त असलेल्या देशाशी करून काही कळत नाही.

संघटनांबद्दल लिहिताना सभासदसंख्येवर थांबू नका. फ्रान्समध्ये कामगार संघटनांचे सभासद जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, पण सामूहिक करारांचं संरक्षण नव्वद टक्क्यांहून जास्त कामगारांना आहे. सभासदसंख्या बघून तिथे संघटना दुबळ्या आहेत असं लिहिलं तर चुकाल. करार किती जणांना लागू होतो, हा आकडा शोधा.

परदेशी कामगारासाठी एक बाब बाकी सगळ्यांच्या वर आहे: कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला आहे का? मालक बदलायला त्याचीच परवानगी लागत असेल तर कागदावरचे ओव्हरटाइमचे दर, तक्रारीचा हक्क, रजा, सगळं डळमळीत होतं. पासपोर्ट कोणाकडे राहतो, नोकरी गेली तर देशात किती दिवस थांबता येतं, पगार थकला तर तक्रार कोणत्या भाषेत कुठे करायची, हे तिथे आधीपासून असलेल्यांना विचारा. करारपत्राची प्रत तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत मागा. दोन भाषांत करार असेल तर वादाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य धरतील, हे त्याच कागदावर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तपासा: प्रत्येक बाबीपुढे "कायदा" आणि "प्रत्यक्ष" असे दोन्ही रकाने भरलेत का? "प्रत्यक्ष" रिकामा असेल तर तो रिकामाच ठेवा, कायद्याची ओळ तिथे उतरवू नका.

## टप्पा ८: उलट तपासणी आणि मांडणी

तक्ता झाला की एकेक गृहीतक हलवून बघा. दिवसाचे तास एकाने वाढवले तर निष्कर्ष उलटतो का? भाडं पंधरा टक्क्यांनी वाढलं तर? वरच्या उदाहरणात क मध्ये खरोखरच आठ तासांत काम संपत असेल तर वर्षाचे तास १,९२० होतात, किमतींचा फरक काढल्यावरही ताशी १७.७१ येतात आणि क पुन्हा पुढे जातो. म्हणजे तो अख्खा निष्कर्ष संध्याकाळच्या एका तासावर टांगलेला होता. असं आढळलं तर ते गृहीतक निष्कर्षाच्या त्याच वाक्यात लिहा, तळटिपेत ढकलू नका.

निष्कर्षाचं वाक्य लिहिताना पाच गोष्टी त्यात हव्यात: वर्ष, कोणते कामगार, ठोक की हातातला, ताशी की वार्षिक, आणि कोणता दर लावला. "२०२४ मध्ये पूर्णवेळ व्यावसायिक परिचारिकांचा ताशी ठोक पगार, घरगुती उपभोगाच्या पीपीपीनुसार" असं लांबलचक वाक्य वाचायला रुक्ष लागतं, पण ते कापून दिलेला आकडा तिसऱ्या माणसाच्या हातात गेला की भलत्याच प्रश्नाचं उत्तर बनतो.

तक्त्यावर तारीख घाला आणि दर कधी बदलतात तेही टिपून ठेवा. ब्रिटनचं किमान वेतन एप्रिलमध्ये बदलतं, ऑस्ट्रेलियाचं जुलैमध्ये, युरोपातल्या बऱ्याच देशांचं जानेवारीत. मार्चमध्ये केलेला तक्ता ऑगस्टमध्ये वापरायचा असेल तर निदान टप्पा ३ आणि टप्पा ५ पुन्हा करा.